‘मला काय धाड भरलीया?’ म्हणणाऱ्या सासऱ्यांची लस

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी राजारामपुरीत राहते, घरातच छोटं ब्युटी पार्लर चालवते. वय ३८. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहेत. मुलगी १३ वर्षांची. सासरे ६७ वर्षांचे, तरुणपणी तालमीतले, गेली बरीच वर्षं शुगर आहे. सासूबाई ६१, आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू आहे. गेल्या श्रावणात सासऱ्यांना आधी फ्लू आणि मग न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. यंदा पावसाच्या आधी लसी घ्या, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय. सासरे म्हणतात, “इंजेक्शनं बारक्या पोरांस्नी देत्यात. मला काय धाड भरलीया? कट्ट्यावरचं दूध पिऊन वाढलोय मी.” त्यात जाऊबाईंनी व्हॉट्सॲपवर मोठ्या माणसांच्या लसींची लांबलचक यादी पाठवली. सगळ्यांनी सगळ्या घ्यायच्या म्हटलं तर महिन्याचा पगार पुरायचा नाही. कुणी कोणती घ्यायची आणि आधी कोणती? मिस्टरांना कामावर काही लागलं की दरवेळी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन येतात, ते बरोबर आहे का? आणि सवयी चांगल्या ठेवल्या तर लसीशिवाय भागत नाही का? माझं माहेर शिरोळ तालुक्यात, पुराच्या पट्ट्यात आहे. तिकडच्यांसाठीही काही असेल तर सांगा.
— एक सून, राजारामपुरी

उत्तर

ताई, जाऊबाईंची यादी आधी बाजूला ठेवा. ती खोटी नसेल, पण ती आजारांची यादी आहे. तुम्हाला माणसांची हवी. तुमच्या घरात घाई तिघांचीच आहे, सासू-सासऱ्यांची आणि मुलीची. सासू-सासऱ्यांची पावसामुळे, मुलीची वयामुळे. बाकीच्यांना वर्षभरात सवडीनं घेता येईल.

सासऱ्यांपासून सुरू करू. गेल्या वर्षी त्यांना आधी फ्लू आणि मग न्यूमोनिया झाला, हा योगायोग नव्हे. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलून काढतो, आणि घशात एरवी गुमान बसलेल्या न्यूमोकोकस नावाच्या जंतूला फुफ्फुसात उतरायला वाट मिळते. वय साठीच्या पुढे आणि जोडीला शुगर असली की शरीराचा पहारा ढिला पडलेला असतो. म्हणून त्यांना दोन लसी: फ्लूची आणि न्यूमोकोकलची. दोन्ही एकाच दिवशी, एकेका दंडात एक, घेतल्या तरी चालतात.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू दरवर्षी थोडं रूप पालटतो आणि लसही त्याप्रमाणे बदलते. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, आणि लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. म्हणजे मृग निघायच्या आत, मे महिन्यातच ती टोचून घेतलेली बरी. जून उलटला तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडू नका, लाट सप्टेंबरपर्यंत चालते. न्यूमोकोकलची लस मात्र दरवर्षीची नाही. तिचे प्रकार दोन-तीन आहेत. कोणत्या प्रकारानं सुरुवात करायची आणि वर्षभरानं दुसरा प्रकार लागेल का, हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. पहिला डोस कोणत्या प्रकारचा होता हे लिहून ठेवलंत तर पुढचा घोळ टळतो.

आता ‘धाड भरलीया’ या मुद्द्याकडे येऊ. सासऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. कमावलेल्या शरीराचा फायदा असतोच. न्यूमोनियातून ते उठून घरी आले, त्यात त्या जोर-बैठकांचाही वाटा असेल. पण दंडाचं बळ आणि रोगाशी लढायचं बळ ही दोन वेगळी खाती आहेत, आणि दुसऱ्या खात्यातली शिल्लक वयानं आणि शुगरनं घटते. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर समोरच्याचा डाव आधी तालमीत बघितलेला असला की मैदानात पैलवान गांगरत नाही. लस शरीराला रोगाचा डाव आधी दाखवून ठेवते, तेही मेलेल्या जंतूकडून नाहीतर जंतूच्या नुसत्या तुकड्याकडून. फ्लूची टोचायची लस अशीच मेलेल्या विषाणूची असते, त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. एखादा दिवस दंड दुखतो, थोडी कणकण येते. ‘लस घेतली आणि तरी सर्दी झाली’ असं म्हणणारे भेटतीलच. सर्दीचे विषाणू ढीगभर आहेत आणि ही लस त्यांतल्या फ्लूपुरतीच आहे. क्वचित लस घेऊनही फ्लू होतो, पण मग तो दवाखान्यात भरती करण्यापर्यंत जायची शक्यता बरीच कमी असते. सासऱ्यांना नेमकं तेच टाळायचंय.

आणि एक, हे सगळं त्यांना तुम्ही सांगू नका. सून सांगते म्हटल्यावर अर्धी बाजी तिथंच हरली. शुगर तपासायला ते ज्या डॉक्टरांकडे जातात त्यांच्याकडे मुलाला सोबत पाठवा आणि डॉक्टरांनाच बोलू द्या. तालमीतल्या त्यांच्या जोडीदारांपैकी कुणी लस घेतली असेल तर फारच उत्तम. दोघं मिळून जातील आणि येताना मिसळ खाऊन येतील.

कट्ट्यावरच्या दुधाबद्दल बोललो नाही तर कोल्हापूरचा म्हणवून घ्यायला नको. संध्याकाळी म्हैस समोर पिळायची आणि फेसाळ दुधाचा ग्लास उभ्या उभ्या रिकामा करायचा, ही आपल्याकडची पिढ्यांची सवय. दूध चांगलंच, प्रश्न कच्चेपणाचा आहे. जनावराला ब्रुसेलोसिस असेल तर तो न तापवलेल्या दुधातून माणसात येतो. जनावर बाहेरून धडधाकट दिसतं, फार तर गाभण म्हैस गाभडते आणि गोठेवाल्याच्या तेवढंच लक्षात येतं. माणसात हा आजार मोठा चकवा देतो. ताप येतो-जातो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे धरतात, आणि महिनाभर कुणी संधिवाताचे तर कुणी टायफॉइडचे उपचार करत बसतं. वासरांना यावर लस आहे, माणसांसाठी नाही. गुरांचा क्षयही कच्च्या दुधातून माणसात येतो. उपाय फुकटाचा आहे. तेच दूध बरणीत घरी आणा, खळखळून उकळी आणा, आणि मग खुशाल प्या. उकळल्यानं दुधातली ताकद जाते हा समज आहे. प्रथिनं आणि कॅल्शियम आहे तसंच राहतं, एखादं जीवनसत्त्व थोडं घटतं. सासरे कुरकुरतील की चव बदलली. बदलतेच, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सासऱ्यांची तिसरी लस नागिणीची. ही पैशाची सोय बघून घ्या, कारण या सगळ्यांत ती महाग आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि उतारवयात एका बाजूला पट्ट्यासारखे पुरळ उठवत बाहेर येतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. ती निराधार आहे. नागीण बहुतेक वेळा शरीराच्या मध्यरेषेवर येऊन थांबते. खरा त्रास पुढचा. पुरळ वाळून गेल्यावरही काहींना महिनोन्‌महिने अशी आग होते की अंगाला सदरा लागला तरी सहन होत नाही. नवी लस पन्नाशीनंतर दोन डोसांत देतात, मध्ये दोन ते सहा महिने. लस घेण्याआधीच कुणाला नागीण उठली, तर गेरू लावत आणि मंत्र टाकून घेत बसू नका. विषाणूवरची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर खरी लागू पडते.

सासूबाईंनाही फ्लू आणि न्यूमोकोकलची लस द्या. आमवाताची ती साप्ताहिक गोळी प्रतिकारशक्ती थोडी दाबते, हे टोचणाऱ्याला आधी सांगायचं. मेलेल्या जंतूंच्या लसी त्यांना चालतात, जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसी त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. लसीसाठी म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

आता मिस्टरांचं. ते निदान हयगय करत नाहीत, हे चांगलंच. पण दर खरचटण्याला इंजेक्शन लागत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात बीजाच्या रूपात वर्षानुवर्षं टिकतात. गंजलेला खिळा बदनाम आहे, पण गंजापेक्षा त्या खिळ्यावरची माती वाईट. जखम खोल आणि घाण असली की आत हवा पोचत नाही आणि तिथं ते वाढतात. सुरुवातीचे तीन डोस पूर्ण झालेले असतील तर पुढे हिशेब सोपा आहे. जखम स्वच्छ आणि किरकोळ असेल, तर शेवटच्या इंजेक्शनला दहा वर्षं होईपर्यंत नवं लागत नाही. जखम खोल किंवा मातीनं भरलेली असेल, तर पाच वर्षं उलटली असल्यास घ्यायचं. वर्षात दोन-तीनदा टोचून जास्त संरक्षण मिळत नाही, उलट दंडाला गच्च सूज येऊ शकते. पूर्वीचे डोस झालेत की नाही हेच आठवत नसेल, तर एकदा तीन डोसांचा क्रम नव्यानं पुरा करायचा. आता नुसत्या ‘टीटी’ऐवजी सरकारी दवाखान्यात ‘टीडी’ मिळते, तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण असतं. तारीख त्यांच्या मोबाईलमध्ये लिहून ठेवा. कंपनीच्या दवाखान्यात ‘शेवटचं कधी घेतलं?’ असं विचारल्यावर ‘आठवत नाही’ हे उत्तर येतं, आणि त्यापायीच आमचे अर्धे डोस वाया जातात. आणि इंजेक्शनच्या आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची. फाउंड्रीतली वाळू जखमेत तशीच ठेवून नुसतं टोचून घेतलं तर काम अर्धंच झालं.

स्वतःबद्दल तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. तुम्ही पार्लर चालवता, म्हणजे नखं, क्यूटिकल, ब्लेड आणि अधूनमधून रक्ताचा एखादा थेंब. हिपॅटायटिस बी या काविळीच्या प्रकाराचा विषाणू रक्तातून पसरतो आणि वाळलेल्या रक्तात शरीराबाहेरही आठवडाभर टिकून राहतो. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोचली ती २०११ च्या सुमारास, त्यामुळे तुमच्या लेकीला ती बहुतेक मिळालेली असेल, तुम्हाला नसेल. आधी एक रक्ततपासणी करा. आजार नसेल तर तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. पार्लरमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड वापरा. अवजारं नुसती स्पिरिटनं पुसणं पुरत नाही, साबणानं घासून मग नीट निर्जंतुक करावी लागतात. सासऱ्यांच्या शुगर मोजायच्या यंत्राची बोट टोचायची सुईसुद्धा घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही. ‘मलाही बघू दे किती आहे’ म्हणून घरोघर हा उद्योग चालतो.

लेकीसाठी एचपीव्ही नावाच्या विषाणूवरची लस. स्तनाच्या कर्करोगाखालोखाल भारतातल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा नंबर लागतो, आणि त्याच्या मुळाशी हा विषाणू असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही देशी लस २०२३ साली आल्यापासून ती जरा आवाक्यात आली आहे. पंधरा पूर्ण व्हायच्या आत सुरू केली तर सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरतात, त्यानंतर तीन लागतात. ती तेरा वर्षांची आहे, म्हणून घाई म्हटलं. ‘एवढ्या लहान पोरीला हे कशाला?’ असं घरात कुणी म्हणालंच तर सांगा, विषाणूशी गाठ पडायच्या आधी दिली तरच तिचा पुरा उपयोग. तुमच्या वयात या लसीचा फायदा कमी, पण गर्भाशयाच्या मुखाची तपासणी तुम्ही करून घ्यायला हवी. तिशीनंतर ती प्रत्येकीनं करायची असते, आणि लसीपेक्षा तीच जास्त बायका टाळतात.

आता सवयींचं. लसीऐवजी सवयींवर भागेल का, तर नाही. आणि सवयींऐवजी नुसत्या लसींवरही भागत नाही, कारण आपल्या जिल्ह्यातले निम्मे पावसाळी आजार असे आहेत की त्यांच्यावर बाजारात लसच नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली ती हिपॅटायटिस ईची, दूषित पाण्यातून आलेली. त्यावर आपल्याकडे लस मिळत नाही, आणि गरोदर बाईला तो आजार जिवावर बेततो. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की एक मिनिट खळखळ उकळून, झाकून ठेवायचं आणि वगराळ्यानं काढायचं. भांड्यात हात बुडवला की उकळण्याचे कष्ट वाया. कावीळ झालीच तर ती उतरवून घेण्यात आठवडा घालवू नका.

डेंग्यूचीही लस आपल्याकडे सहज मिळत नाही. तो डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. एक दिवसाआड पाणी येतं म्हणून भरून ठेवलेली पिंपं, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, पार्लरमधलं शोभेचं बांबूचं रोप. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून आतून घासायचं.

माहेरच्यांना २०१९ आणि २०२१ चा पूर विसरता येणार नाही. पाणी ओसरल्यावर घर धुताना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदराच्या मुतातले जंतू चिखलात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, ओरखड्यांतून शिरतात. गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच चिखल उपसा, पायाला जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला उतरू द्या. पूर आला की हा आजार टाळण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारून घ्या. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती आपल्या मनानं द्यायची नाही. नंतरच्या तीन-चार आठवड्यांत कुणाला जोराचा ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य ‘मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे सांगायचं. वेळेत सांगितलं तर साध्या प्रतिजैविकांनी माणूस बरा होतो. उशीर झाला की मूत्रपिंडावर जातं.

सासऱ्यांच्या सवयींत दोनच गोष्टी धरा. एक तंबाखू, खात असतील तर. दिवसभरात कुठं कुठं हात लागलेला असतो, त्याच तळहातावर चुना मळायचा आणि चिमूट दाढेत धरायची. कर्करोग राहू दे बाजूला, नुसत्या अस्वच्छ हातानं पोटात काय काय जातं ते बघा. दुसरा गूळ. आपला गूळ नावाजलेला आहे, पण शुगरच्या माणसाला साखर वाईट आणि गूळ चालतो हे कुठल्याच रक्ततपासणीला मान्य नाही. तांबड्या रश्शावर मी बंदी घालत नाही, लोणचं-पापड मात्र ताटातून उचला, दिवसाचं मीठ एक चमच्याच्या आत बसवा आणि रंकाळ्यावरचं चालणं आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास तरी होऊ द्या. पहाटे फिरताना कुत्रं चावलं तर हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणानं जखम धुवायची आणि थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय, गाठायचं. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, खोल चावा असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. डोसांच्या सगळ्या तारखा पाळायच्या. ‘कुत्रं ओळखीचं आहे’ म्हणून थांबायचं नाही.

खरेदीपुरतं एक सांगतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. मेडिकलमधून स्वतः घेऊन दवाखान्यात नेणार असाल तर बर्फाच्या पिशवीसोबत डब्यात न्या, पण कुपी बर्फाला चिकटू देऊ नका. यांतल्या बऱ्याच लसी गोठल्या की निकामी होतात. त्यापेक्षा ज्या दवाखान्यात लसीसाठी वेगळा फ्रिज आहे तिथंच घेणं बरं. टोचण्याआधी खोका हातात घ्या, मुदत बघा, फ्लूच्या लसीवर चालू हंगामाचं वर्ष छापलंय का बघा. टोचून झाल्यावर अर्धा तास तिथंच बसा. अंगावर पित्त उठलं किंवा श्वास अडला तर डॉक्टर समोर असलेले बरे. आधी एखाद्या लसीचा असा जोराचा त्रास झाला असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. अंगात ताप असेल त्या दिवशी जाऊ नका, साधी सर्दी असेल तर हरकत नाही. खोक्यावरचं बॅच नंबरचं लेबल मागून घ्या आणि घरातल्या एका वहीत, प्रत्येकाच्या नावाचं पान करून, चिकटवा. यंदा मे महिन्यात सासू-सासऱ्यांची फ्लू आणि न्यूमोकोकल आणि मुलीचा पहिला डोस एवढंच करा. तुमची तपासणी आणि हिपॅटायटिस बी गणपतीच्या आधी सुरू करा, मुलीचा दुसरा डोस दिवाळीच्या सुट्टीत येईल. नागिणीच्या लसीला मिस्टरांचा बोनस झाल्यावर बघू.